बोलणाऱ्या हातांचा खर्च

सांगलीतल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत पुराचा सराव चालला होता. भिंतीवरच्या पडद्यावर फिल्म सुरू झाली; तिच्यात चित्रातली एक बाई खुणांच्या भाषेत सूचना देत होती. ती पाहून सगळ्यांनी गच्चीवर जायचं होतं. पण सात वर्षांचा ओजस तळमजल्यावरच बसून राहिला आणि त्याच्यासोबत निम्मा वर्गही.

त्याला न्यायला आलेल्या मृण्मयीने, म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीने, खुणांच्या भाषेत विचारलं, "तुला फिल्म कळली नाही का?"

"कळली की," ओजसचे हात म्हणाले. "ती बाई म्हणाली, इथेच थांबा."

मृण्मयी चरकली. पावसाळा तोंडावर आला होता. 'वर चला' असं सांगणारी फिल्म मुलांना उलटी कशी कळली?

ती तडक केतकीआत्याकडे गेली. आत्या ॲनिमेशनची शास्त्रज्ञ होती आणि फिल्म तिनेच केली होती. ठिपका नावाचा तिचा यंत्रमानव मदतीला असे.

आत्याने फिल्म थांबवून थांबवून पाहिली. "हे बघ. मी कटआउट पद्धत (सपाट तुकडे सांध्यांत जोडून हलवणे) वापरली. हात, मान, धड एकदाच काढायचं आणि फिरवायचं. सगळ्यांत स्वस्त. पण इथे तळहात वळायला हवा, अंगठा बोटांमागे जायला हवा. सपाट तुकड्याला ते जमत नाही. खूणच बदलली."

"मग प्रत्येक चित्र वेगळं काढ ना!"

"एका सेकंदाला निदान बारा चित्रं. दोन मिनिटांच्या फिल्मला जवळजवळ दीड हजार."

"ठिपका काढेल की भराभर!"

"काढेन," ठिपका म्हणाला, "पण एखादं बोट चुकलं तर मला कळणार नाही. प्रत्येक चित्र खुणा जाणणाऱ्या माणसाला तपासावं लागेल. खरा खर्च माणसांच्या तासांचा असतो."

"आणि मातीचे हात केले तर?"

"दिसतील सुरेख," आत्या म्हणाली. "पण बोट किंचित हलवायचं, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचं. मध्येच धक्का लागला की तो प्रसंग पहिल्यापासून. त्यापेक्षा त्रिमिती प्रतिकृती (सगळ्या बाजूंनी फिरवता येणारा संगणकातला पुतळा) बरी. ती घडवायला खूप तास लागतात. पण एकदा झाली, की शाळेतल्या बाईंनी सेन्सरचे हातमोजे घालून खुणा करायच्या. पुतळा तशाच करतो."

मृण्मयी विचारात पडली. "म्हणजे चित्रांचा खर्च फिल्मच्या लांबीबरोबर वाढत जातो. पुतळ्याचा बराचसा खर्च सुरुवातीलाच होऊन जातो."

"अगदी! पहिल्याला चल खर्च म्हणतात, दुसऱ्याला स्थिर खर्च (फिल्म लहान असो की मोठी, एकदाच होणारा). फिल्म एकच आणि छोटी असेल, तर पुतळा महाग पडतो. पुष्कळ फिल्म करायच्या असतील, तर तोच स्वस्त. पण शाळेकडे अख्ख्या पुतळ्यापुरते पैसे नाहीत."

"अख्खा कशाला हवा? धड तर फारसं हलत नाही. ते सपाटच ठेव. फक्त हात त्रिमिती कर!"

"आणि चेहरा? खुणांच्या भाषेत भुवया, ओठ, सगळं बोलतं."

"चेहरे थोडेच लागतील. ते हाताने काढ."

आत्याने ठिपक्याकडे पाहिलं. त्याने तासांचा हिशेब केला आणि म्हणाला, "बसतं."

पुढचे कित्येक दिवस शाळेतल्या बाई हातमोजे घालून आत्याच्या कामाच्या खोलीत येत राहिल्या. ओजस पडद्यासमोर बसून चुका दाखवायचा. करंगळी नीट वाकत नसली की तो जोरजोरात मान हलवायचा आणि आत्या निमूटपणे सांधा दुरुस्त करायची.

मग पुन्हा सराव झाला. फिल्म संपायच्या आतच मुलं जिन्याकडे धावली. मृण्मयीने खाली येऊन सगळे वर्ग पाहिले. एकही मूल मागे राहिलं नव्हतं.

बाईंनी विचारलं, "विजेची तार तुटून पडली तर काय करायचं, अशी फिल्म करायला किती खर्च येईल?"

"आधीपेक्षा खूपच कमी," मृण्मयीनेच उत्तर दिलं. "हात तयार आहेत. आता त्यांनी काय बोलायचं, तेवढं ठरवायचं."

गच्चीवर मुलांची वेगळीच चर्चा रंगली होती. पडद्यावरच्या बाईला नाव हवं होतं. कर्णबधिर मुलं एकमेकांना खुणेचं नाव देतात. बाईच्या कानात मोठे झुमके होते, म्हणून ओजसने कानाजवळ बोटं हलकेच झुलवली. बघता बघता सगळ्या गच्चीवर तीच खूण झुलू लागली.