थांबा म्हणायचं राहिलं

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, पण यातला एक शब्दही रचलेला नाही. साल १९९७, मार्च महिना. ठिकाण भिंगार, बाजारापलीकडचा दोन खोल्यांचा दवाखाना. वेळ दुपारचे चार. भुताखेताला रात्रच लागते असं तुम्हाला कुणी सांगितलं?

जयमालाबाई कंबरदुखीवाल्यांना व्यायाम शिकवायच्या. खेड्यातून माणसं यायची, पण दुखऱ्या कमरेनं रोज एस.टी.चे दणके कोण खाणार? म्हणून बाईंनी युक्ती काढली. एकदा समोर बसवून शिकवायचं, मग ज्यांच्या घरी फोन, त्यांना रोज ठरल्या वेळी फोन लावायचा. पेशंटनं सतरंजीवर उताणं पडायचं, रिसीव्हर कानाशी ठेवायचा. बाई आकडे मोजणार, पेशंट कंबर उचलणार.

नियम एकच. "मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

राहात्याजवळच्या बनुबाई तो नियम इमानेइतबारे पाळायच्या. पेरूच्या पाट्या उचलून त्यांच्या कमरेचं वाटोळं झालं होतं. तीन महिन्यांत त्या पुन्हा वाकून घर सारवायला लागल्या.

मग पेशंट वाढले आणि बाईंनी आळस केला. आळसच म्हणायचा, दुसरं काय? त्यांनी आपला आवाज कॅसेटवर भरला. फोन लावायचा, "करा सुरू" म्हणायचं, रिसीव्हर टेपपुढे ठेवायचा आणि दुसऱ्या पेशंटकडे जायचं. शेवटी येऊन "थांबा" तेवढं स्वतः म्हणायचं.

त्या दिवशी चारला बनुबाईंचा फोन टेपपुढे ठेवून बाई गेल्या, आणि पलीकडच्या खोलीत गप्पा लांबल्या.

बाई परतल्या तेव्हा टेप कधीच बंद पडला होता. बनुबाईंनी ठेवला असेल फोन, असं समजून त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. कानाला लावूनसुद्धा बघितला नाही.

बनुबाई त्याच सतरंजीवर गेल्या होत्या.

पाचव्या दिवशी बाई भेटायला गेल्या. सून रेश्मा म्हणाली, "मी अंगनात हुते. आत्याबाई फोनात म्हनत हुत्या, बाई, छातीत कळ येतीया, थांबू का? दोनदा इचारलं त्यांनी. तुमी काय म्हनाला?"

"थांबा म्हणाले मी," जयमालाबाई म्हणाल्या.

रेश्मानं डोळे पुसले. "मंग त्यांनाच ऐकू गेलं न्हाई."

पुढ्यातला चहा तसाच ठेवून बाई उठल्या.

दुसऱ्या दिवशी बरोबर चार वाजता... फोन वाजला.

पलीकडे कुणी बोललं नाही. नुसता श्वास. दमलेला. मग सतरंजीवर काहीतरी घासल्याचा आवाज... आणि हळूच, "चारशे बारा."

श्वास. घासणं.

"चारशे तेरा."

बाईंनी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा... "सहाशे तीस." बाईंनी कॅसेट जाळली. तिसऱ्या दिवशी फोनची वायर उपटून ठेवली. चारला घंटा झालीच.

शेवटी एका दुपारी त्यांनी धीर केला.

"बनुबाई, थांबा. मी सांगतेय ना, थांबा आता."

घासणं थांबलं...

बाईंना रडू फुटलं.

मग आवाज आला. शांत, समजूतदार. रागाचा लवलेश नाही.

"ही बी टेपच हाय का? सात म्हनताना खोकायच्या तुमी, बाई. रोज त्याच जागी. मला ठाव हुतं. तुमाला वाईट वाटंल म्हनून बोलले न्हाई."

"नाही हो बनुबाई, मीच आहे. शपथ घेते."

"असाल. पर घरी या. माझ्या सुनंला काय झालं ते खरं सांगा. मंग थांबीन. लई दमले, बाई."

आणि पुन्हा घासणं सुरू झालं.

भिंगारहून राहाता म्हणजे अडीच तासांचा रस्ता. बाई दोनदा नगरच्या स्टँडवर जाऊन परत आल्या. एकदा तर गाडीत बसल्या, आणि वाटेत कोल्हारला उतरून माघारी फिरल्या. रेश्माच्या तोंडाकडे बघून ते बोलायचं कसं, हे त्यांना अजून सुचत नाही.

याला आता दोन वर्षं झाली. चार वाजले की दवाखान्याचं दार आतून लागतं, आणि बाहेर बसलेल्या पेशंटला फोनची घंटा ऐकू येते. बाई अजून राहात्याला गेलेल्या नाहीत.