उभी गाडी कशी लागेल?

"गाडी लागलीय तिला," छबूकाकी म्हणाल्या आणि छकुलीच्या तोंडात त्यांनी आवळासुपारी कोंबली.

छकुलीने तीही ओकून टाकली. सकाळपासूनची ही चौथी उलटी. १९९४ चा मे महिना. वरकुट्याची मंडळी बद्रीनाथच्या धर्मशाळेतून दर्शनाला निघाली होती आणि आठ वर्षांची छकुली भिंतीला टेकून धापा टाकत होती.

"काकी, गाडी काल दुपारपास्नं उभी हाय," तिचा चुलतभाऊ रविराज म्हणाला. "उभी गाडी कशी लागंल?"

सगळे हसले. मुलांचे आजोबा, आप्पा, म्हणाले, "गाडी उभी हाय, तुझं तोंड पळतंय." पोरीला लिंबूपाणी द्यायला सांगून मोठी माणसं गेली.

सुकन्या हसली नव्हती. तिची ही धाकटी बहीण इंदापूरच्या एसटीत मागच्या बाकावर बसूनही कधी ओकली नव्हती. आता तिचे ओठ जांभळे पडले होते आणि ती भलतंच काही बरळत होती.

तिने आणि रविराजने छकुलीला आळीपाळीने पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी हिंदीतून विचारलं, किती दिवसांत वर आलात? गाडी वाटेत बिघडली होती, म्हणून ड्रायव्हरने दोन दिवसांची चढण एकाच दिवसात उरकली, असं रविराजने सांगितलं. आल्यावर ही पळाली का? खूप. आधी सर्दी-खोकला होता?

सुकन्याने मान खाली घातली.

डॉक्टरांनी समजावलं. उंचावर हवा विरळ असते. सावकाश चढलं तर शरीराला सवय होते. घाईने चढलं, वर पळापळ केली, त्यात छाती भरलेली असली, तर फुप्फुसांत पाणी साचू शकतं. हिला आत्ताच्या आत्ता खाली न्या.

छकुलीला रविराजजवळ ठेवून सुकन्या देवळाकडे धावली आणि तिने डॉक्टरांचा निरोप सांगितला. दर्शनाच्या रांगेत आप्पांच्या पुढे वीसेक माणसं उरली होती. "एवढ्या लांबनं आलोय. तासाभरानं काय हुतंय?"

सुकन्याला रडू फुटलं. "आप्पा, तिला दौंडपास्नं खोकला हाय. तुमी तिला घरी परत धाडलं असतं, म्हणून मीच लपवला. खोकला आला की तिचं तोंड मांडीत दाबून धरायची मी."

आप्पांनी कळसाला हात जोडले आणि रांग सोडली.

एकेरी रस्त्याच्या फाटकाशी, खालून येणाऱ्या गाड्या वर येईपर्यंत, गाडी पाऊण तास अडकली. छकुलीच्या छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

जोशीमठच्या दवाखान्यात प्राणवायू लावल्यावर संध्याकाळी ओठांचा रंग पालटला. फुप्फुसांतलं पाणी उतरायला मात्र दोन दिवस लागतील, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

आप्पांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. "आमी हसत बसलो. तुमी पोर वाचवली. शाब्बास."

सुकन्याने तो हात हळूच बाजूला केला. "आप्पा, ती उठून बसू दे. मग द्या शाब्बासकी."

 आप्पा छकुलीच्या खाटेशेजारी, सुकन्याजवळ, फरशीवर बसून राहिले.