मत शेवटी मागायचं

बेलवलीतल्या त्या घराचं दार शलाकानं वाजवण्याआधीच उघडलं. दारात इस्त्रीच्या साडीतली, ताजा गजरा माळलेली बाई उभी होती.

"आलात गो? या, या. कवाची वाट बघतेय तुमची."

आता सकाळपासून ज्या दोघींना "नंतर या" आणि "घरात कोणी नाही" एवढंच ऐकायला मिळालंय, त्यांनी अशा वेळी काय करावं? शलाकानं काकूकडे बघितलं, काकूनं शलाकाकडे. दोघी चपला काढून मोकळ्या झाल्या.

शलाका अंबरनाथची, शिवमंदिराजवळच्या गल्लीतली. संजीवनीकाकूनं लहानाची मोठी केलेली आणि सध्या नगरपालिकेला उभं राहायचं खूळ डोक्यात घेतलेली. खूळ हा गल्लीतल्या लोकांचा शब्द हं, माझा नाही. झालं असं होतं की तिच्या वॉर्डात नगरसेविका होती, पण फोन लावला की उचलायचा नवरा. "मॅडम बिझी आहेत, मला सांगा." उभ्या पाच वर्षांत मॅडमचा आवाज कोणाच्या कानावर पडला नव्हता. शलाकाचं म्हणणं एवढंच, की फोन बाईला केला तर तो बाईनं उचलावा. म्हणून ती एका संस्थेच्या शिबिराला जायला लागली. तिथे बायकांना निवडणूक कशी लढवायची, प्रचार कसा चालवायचा ते शिकवत. सोबत काकू, तिची प्रचारप्रमुख. आज त्यांचा घरभेटीचा सराव होता, आणि तोही मुद्दाम बदलापुरात, बेलवलीसारख्या परक्या वस्तीत. कारण ओळखीच्या गल्लीत सगळेच गोड बोलतात, असं शिकवणाऱ्या जिज्ञासामॅडम म्हणायच्या. त्यांचा आणखी एक धडा होता. दारात पाय ठेवल्या ठेवल्या मत मागायचं नाही. आधी ओळख करून घ्या, घरचं विचारा, पुढ्यात येईल ते खा. मत शेवटी मागायचं.

ह्याच धड्यानं सगळा घोळ केला.

गजरेवाल्या राजाबाईंनी पोहे पुढे केले. वर ओलं खोबरं, कडेला लिंबाची फोड. "पोरीलापन संगती आनलीत, बरं केलंत."

"मग? तिनं स्वतः यायलाच हवं," काकू म्हणाली. "नंतर फसवलं म्हणायला नको."

"शिकली किती?"

"बीकॉम. हिशेबाला पक्की, माणसांची आवड. अर्ध्या रात्री हाक मारा, धावत येईल."

"अर्ध्या रात्री कशाला?" राजाबाई चपापल्या. "घरात आमी मायलेक दोघंच."

"एक संधी देऊन बघा ताई. पाच वर्षांत तक्रारीला जागा ठेवणार नाही."

"पाचच वर्सं?"

"पाचच असतात ना. नंतर नाही आवडली तर बदला. तुमचा हक्कच आहे तो."

राजाबाईंच्या हातातला चमचा हवेत राहिला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर चौकटीच्या शर्टातला एक तरुण बसला होता. त्याला एकदम ठसका लागला. इतका वेळ शलाकानं त्याच्याकडे बघितलंच नव्हतं... म्हणजे एकदा बघितलं होतं. बरं, दोनदा.

"तर मग," काकूनं धडा पूर्ण केला, "तुमचं मत आम्हालाच समजू ना?"

"माजं मत चांगलं हाय," राजाबाई सावरून म्हणाल्या. "पोराला विचारा."

काकू वळली. "तुमचं मत?"

त्यानं ठसका गिळला आणि थेट शलाकाकडे बघितलं. "माझं मत गुप्त आहे."

तेव्हा कुठे शलाकाचं लक्ष टेबलावरच्या पेढ्यांच्या खोक्याकडे गेलं. मग गजऱ्याकडे. मग त्याच्या नव्या कोऱ्या शर्टाच्या घडीकडे. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. अगं बाई... हे तर स्थळ बघायचं चाललं होतं. घर बघायला शहाडहून मुलीकडचे यायचे होते, आणि येऊन बसल्या होत्या ह्या दोघी.

तो फाटकापर्यंत सोडायला आला. नाव अवधूत.

"तुम्हाला कधी कळलं?" शलाकानं विचारलं.

"पाच वर्षं म्हणालात तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही पोहे खात होतात ना," तो म्हणाला. "मध्येच कसं उठवणार?"

घरी येईपर्यंत ती त्या वाक्याचा अर्थ लावत राहिली. टिंगल होती की काळजी? काही म्हणता काही कळेना.

पुढच्या आठवड्यात पत्रकं छापायची होती. शिबिरातल्या एकीनं उल्हासनगरातलं दुकान सांगितलं. ही जाते तर काय, फ्लेक्सच्या गुंडाळ्यांमागे कॉम्प्युटरवर अवधूत. शाईचा वास, मशीनची घरघर, भिंतीवर पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो. सिंधी सेठ म्हणाला, "बैठो बेटी, अपना आर्टिस्ट बना देगा," आणि गल्ल्यावर जाऊन बसला.

"आले होते का शहाडचे?" तिनं उगाच विचारल्यासारखं विचारलं.

"आले. मी नाही म्हणालो."

"का?"

"सांगितलं ना. माझं मत गुप्त असतं." तो स्क्रीनकडे वळला. "नाव काय टाकू? शलाका जयदेव भोपी? पुढे कुमारी लिहू की सौभाग्यवती?"

"कुमारी. दिसत नाही का?"

"दिसतंय. पण मध्येच बदललं तर छपाई फुकट जायची. म्हणून विचारून ठेवतोय."

आता ह्यावर माणसानं काय बोलावं? धंद्याचं बोलतोय म्हणावं तर डोळे हसत होते. चेष्टा म्हणावी तर चेहरा गंभीर. शलाकानं पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली आणि पुन्हा उघडली.

ती तीन-चारदा दुकानात गेली. पत्रकात चूक नसताना चुका काढायला गेली, हे काकूलासुद्धा समजलं. शिबिरात भाषणाचा सराव होता तेव्हा तर कहरच झाला. "माझ्या वॉर्डातले प्रश्न तीन," शलाका ठणठणीत आवाजात म्हणाली, "पाणी, गटार आणि अवधूत." सगळ्या बायका पोट धरून हसल्या. तिला वाटलं, वाळधुनी नदीत जाऊन जीव द्यावा. पण नदीला गुडघाभरच पाणी होतं.

आणि एका रविवारी राजाबाई रीतसर नारळ घेऊन घरी आल्या. "चुकून आली, पन पोर मनात भरली," म्हणाल्या. काकूनं आनंदानं शिऱ्यात दोनदा साखर घातली. शलाका मात्र भिंतीला टेकून उभी राहिली. हो म्हणावंसं वाटत होतं. पण त्यानं एकदा तरी सरळ बोलावं ना... दरवेळी प्रचाराच्याच भाषेत कसला बोलतो? खरंच तिला मागतोय, की आई म्हणाली म्हणून मान डोलावतोय?

दुसऱ्याच दिवशी जिज्ञासामॅडमनी नियम शिकवले. उमेदवाराचं नाव त्याच शहराच्या मतदारयादीत असलं पाहिजे. "मुलींनो, इथेच आपण मार खातो," त्या म्हणाल्या. "लग्न झालं की माहेरच्या यादीतून नाव कापतात, सासरच्या गावाला चढवतात. कोणाला त्यात काही वाटत नाही. किती जणी उभ्या राहता राहता अशाच गळल्या."

शलाकाचं पेन वहीवर थांबलं. अंबरनाथ ते बदलापूर, म्हटलं तर शेजार. पण यादी वेगळी, नगरपालिका वेगळी. ज्या गल्लीच्या फोनसाठी एवढा खटाटोप केला, त्या गल्लीत ती नुसती पाहुणी होणार होती. त्या रात्री जेवताना तिनं भाताला हातच लावला नाही. तिला दोन्ही हवं होतं, आणि असं दोन्ही मागायची पद्धत कोणी शिकवली नव्हती.

आठवडाभरानं संध्याकाळच्या उन्हात ती दुकानात पोचली तेव्हा अवधूत पत्रकांचे गठ्ठे बांधत होता. हाताला डिंक, कपाळावर शाईचा डाग. शलाकानं फोन काउंटरवर ठेवला आणि श्वासही न घेता बोलली.

"मला बदलापूरला येता यायचं नाही. आले तर माझं नाव अंबरनाथच्या यादीतून जाईल. तुमच्या आईंना वाईट वाटेल, मलाही वाटतंय. खूप वाटतंय. पण मी नाव कापून देणार नाही."

त्यानं दोरीची गाठ मारली, सोडली, परत मारली. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि पहिल्यांदाच शलाकाला तो चेष्टा करतोय की काय अशी भीती वाटली नाही. ओळख झाली होती. घरचं विचारून झालं होतं. पोहे तर केव्हाच खाल्ले होते.

"आता शेवटचं विचारते," ती म्हणाली. "तुमचं मत काय?"

"मग तू नको येऊस," अवधूत म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं, ते त्यालाही कळलं नसावं. "मीच येतो अंबरनाथला. नाव माझं हलवू."

"तुमचं?"

"कुठेतरी एकाचं हलणारच. मला कुठे निवडणूक लढवायची आहे? मला इथून अंबरनाथ उलट जवळ पडतं." तो थांबला. "आईला विचारलं. चार दिवस बोलली नाही माझ्याशी. काल म्हणाली, दर रविवारी दोघांनी जेवायला यायचं, मग काय ते करा."

"कधी विचारलंत? मी तर आज..."

"तुमच्या मॅडमची पत्रकंसुद्धा मीच छापतो. वाचतो ना मी. तो यादीचा नियम तुझ्याआधी मला माहीत होता." त्यानं डिंकाचे हात पँटला पुसले. "पहिल्या दिवसापासून सांगायचं होतं. जमेना. चेष्टेत बोललो की निदान बोलता तरी यायचं... मला तू आवडतेस, शलाका. पाच वर्षांपुरती नाही."

मशीनची घरघर चालू होती. शलाकाला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. आधी काय करावं, ते ठरेना.

"गुप्त मत फुटलं म्हणायचं," ती कशीबशी म्हणाली.

"फुटलं."

"दुसऱ्या कोणाचा अर्ज नाही ना?"

"नाही."

"मग बिनविरोध," शलाका म्हणाली, आणि तिनं पदराच्या टोकानं त्याच्या कपाळावरचा शाईचा डाग पुसला. तो पुसला गेला नाही, आणखीच पसरला.

तेवढ्यात काउंटरवरचा शलाकाचा फोन वाजला. अवधूतच्या हाताशीच होता. नंबर अनोळखी, अंबरनाथचा असावा, आधी वाटलेल्या पत्रकावरून कोणीतरी लावलेला. सवयीनं त्याचा हात फोनकडे गेला. मग त्यानं बोटानं तो अलगद तिच्याकडे सरकवला आणि पुन्हा गठ्ठा बांधायला लागला.

शलाकानं घसा साफ केला.

"हां, बोला. मीच बोलतेय, शलाका."