न वाढलेली चटणी

“काका, यापुढे स्टीअरिंगला हात लावायचा नाही. शब्द द्या.”

डॉक्टर दीपिकांचा तो आवाज मुखरूच्या कानातून जात नव्हता. डोक्याला मार बसलेली वयस्क माणसं गाडी कितपत सांभाळून चालवतात, याचा या मनोविकारतज्ज्ञ बाई अभ्यास करत होत्या. मुखरू मागच्या वर्षी मोटरसायकलवरून डोक्यावर आपटला होता. मोहर्लीला जन्मभर जंगलसफारीची जिप्सी गाडी हाकलेल्या माणसानं मुकाट्यानं शब्द दिला होता.

आणि तरी सोमवारी संध्याकाळी घरची जीप त्याच्या दोस्ताच्या, बुधूच्या अंगावर गेली. बुधू जागीच गेला. मुखरू स्टीअरिंगमागे बेशुद्ध सापडला.

“मले काईच आठवत नाई, बाई,” तो इंदुताईंना म्हणाला. “माह्या दोस्ताले म्याच मारलं का, तेवढं सांगा. मंग फासावर टांगा.”

इंदुताई चंद्रपूरच्या खाजगी तपासनीस; मुखरूनंच त्यांना बोलावलं होतं. सोबत मदतनीस गोपाल. मनानं भला, डोक्यानं सावकाश.

मुखरूच्या घराच्या दारातच बुधूची बायको नीलाबाई उभी होती. “वकील आणला का बुढ्यानं? थू!”

“वकील नाही, बाई. तपास करायला आले.”

“काय तपासता? माह्यं कुंकू पुसलं यानं!”

मुखरूचा मुलगा सुनिल यानं बसायलाही सांगितलं नाही. “म्या घरीच होतो. बाबा चावी घेऊन एकटेच गेले. डोस्कं कामातून गेलं म्हणते डॉक्टरीण. बांबूचा ढीग चुकवाले गेले अन् बुधूकाकाले उडवलं. झालं? आता निघा.”

“हे घरीच होते,” सून रंजीता खाली बघून म्हणाली आणि सासऱ्याला ताट वाढू लागली.

मुखरू चार घास खाल्ल्यावर ओरडला, “चटणी काऊन नाई वाढली?”

“वाढली ना! रोजचीच कटकट हाय यायची.”

जवसाची चटणी रीतीप्रमाणे ताटात डावीकडे, मीठ-लिंबाशेजारी होती. इंदुताईंनी ताट फिरवलं. मुखरू चटणी खाऊ लागला.

“म्हातारपण, दुसरं काय,” बाहेर आल्यावर गोपाल पुटपुटला.

इंदुताईंनी डॉक्टरांना फोन लावला. “मार मेंदूच्या उजव्या भागाला आहे,” दीपिका म्हणाल्या. “डोळे चांगले आहेत. तरी गाडी नकोच.”

अपघाताच्या जागी चाकांच्या खुणा डाव्या कडेनं येऊन एकाएकी उजवीकडे वळल्या होत्या. डावीकडे नुसतं दबलेलं गवत. बांबूतोडीचा मुकादम सोमाजी आधी गुरगुरला, मग नरमला.

“ढीग म्याच टाकला होता, सडकेच्या डाव्या अंगाले. गाडी त्याले चुकवून गेली, पलीकडं बुधू होता. म्या पोचलो तवा म्हतारा एकटाच पडून. लोक जमायच्या आधी बांबू आत ओढून नेले. कोनाजवळ नाई बोललो. केस लागन ना माह्यावर!”

“ताई, हाच गुन्हेगार!” गोपाल उसळला.

“ढीग याचा. जीप याची नाही. चल.”

इंदुताईंनी नीलाबाईलाही मुखरूच्या अंगणात बोलावलं.

“उजव्या मेंदूला मार बसला, की काहींची डावी बाजू हरवते. डोळ्यांना दिसतं, पण मन दखल घेत नाही. मुखरूभाऊंना डावीकडची चटणी सापडत नाही. उजवीकडे आली की सापडते. तुम्ही त्याला कटकट म्हणालात. जीप यांच्या हातात असती, तर सरळ बांबूंत शिरली असती. चालवणाऱ्याला डावीकडचा ढीग दिसला, म्हणून तो उजवीकडे वळला.”

“मंग कोन?” नीलाबाईचा आवाज चिरकला.

“लोक येण्याआधीच बांबू हलवले होते. सोमाजी कोणाजवळ बोलला नाही. मग घरी बसलेल्या सुनिलला ढीग कसा ठाऊक? त्यानंच बेशुद्ध बापाला शेजारच्या सीटवरून स्टीअरिंगमागे सरकवलं आणि पळाला.”

सुनिलनं खाटेला लाथ मारली. “बुढ्याचं असंही काय राह्यलं? डोस्कं गेलेल्याले जेल नाई होत म्हणते! माह्ये तं लेकरं हायत!”

मुखरूनं त्याच्याकडे पाहिलं. “बुध्या माह्या हातानं नाई मेला,” एवढंच बोलला.

नीलाबाई रंजीतावर वळली. “तुले सारं ठाऊक होतं, रांडे. माह्यासमोर खोटं बोलली. ठाण्यात खरं सांगशीन?”

रंजीतानं मान वर केली. “सांगीन.”

“उंबरा वलांडून तं पाह्य,” सुनिल गुरकावला. “हे घर तुह्यं नाई मंग.”

तिनं चुलीतली लाकडं मागे ओढली. भातावर झाकण ठेवलं. डोक्यावर पदर घेतला, चपला पायात सरकवल्या आणि कोणाकडे न बघता ठाण्याच्या वाटेला लागली.