पहिल्या लॉटचा हॉर्न

किशोर पहिल्यांदा आला त्या रविवारी मी पोहे टाकत होते. अमरावतीहून अकोल्याला, भर उन्हाळ्यात, मोटरसायकलवर, आणि कशाला तर आमची जुनी गाडी पाहायला! असले रिकामटेकडे लोक मला मुळीच आवडत नाहीत. पण गाडीचा विषय निघाला की बाबा खुश, मग मी कोण बोलणारी.

बाबा, म्हणजे धर्मपाल, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. गाडी म्हणजे चौऱ्याऐंशी सालची पांढरी एटहंड्रेड, पहिल्या लॉटमधली. तेव्हा सुटे भाग जपानहून पेट्यांत भरून यायचे आणि इथे जुळवायचे. दसऱ्याला दीक्षाभूमीला आम्ही तिच्यातूनच जायचो, मागच्या सीटवर डबे मांडीवर घेऊन. आई गेली आणि गाडी अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. घरात उरलो बाबा आणि मी.

किशोरने चपला काढल्या तेव्हा मला वाटलं घरात येतोय. तो गाडीत जाऊन बसला. डोळे मिटून सीटचा वास घेतला. मग बॉनेट उघडून एकेका भागावर बोट ठेवत गेला. चांगला दांडगा माणूस, पण आवाज इतका बारीक की मला पदर तोंडाला लावायची वेळ आली.

"हेबी जपानचं, काका. हेबी. पुरी सोवळी हाय तुमची गाडी."

"सोवळी?" मी विचारलं.

"आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात तसंच म्हनतात ताई. एक जरी इकडचा पार्ट लागला का गाडी बाटली."

माझं डोकंच फिरलं. आमच्याच अंगणात उभं राहून हा आम्हाला सोवळं आणि बाटलं शिकवतो! बाबा मात्र हसले. "जाऊ दे व, शब्दाले काय घेऊन बसली," म्हणाले.

आल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हा बाबांचा नेम. कुणी आलं की जाताना पिशवीत लिंबं, नाहीतर शेवग्याच्या शेंगा. किशोरने वायपर मागितले, बाबांनी दिले. त्याने गाडीसमोर कमरेत वाकून जपानी लोकांसारखा नमस्कार केला आणि गेला.

त्याच आठवड्यात बाबा टीव्ही पाहत बसले असताना मला काहीतरी खटकायला लागलं. काय ते कळेना. बराच वेळ पाहत राहिले तेव्हा लक्षात आलं, त्यांच्या पापण्या हलत नव्हत्या. डोळे लाल, गालांवर पाणी, आणि ते आपले बातम्या पाहतायत. डॉक्टर म्हणाले, नस दबली असेल. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. नस म्हटलं की नस, मी जास्त विचार केला नाही. झोपायच्या वेळी त्यांच्या पापण्या बोटांनी ओढून वर ओली पट्टी बांधायला लागले.

मग किशोर मी ड्यूटीवर असताना येऊन गेला. मी घरी आले तर बाबा ओट्यावर उभे. तोंड उघडत होते, मिटत होते, आवाज नाही. मी चिडून विचारलं, "काय नाटक लावलं बाबा?" त्यांनी शेडकडे बोट दाखवलं. गाडीच्या जाळीमागे हॉर्नची जागा रिकामी होती.

कानाघशाचे डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे.

ज्या घरात मला हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं, त्या घरात आता कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नव्हता. मला ते सहन होईना. एक शंका आली आणि तिची माझी मलाच लाज वाटली. पण लॅबमध्ये शंका आली की आपण टेस्ट लावतो. मी बाबांना ओट्यावर बसवलं, डाव्या हातात चहाचा कप दिला, शेडमध्ये जाऊन गाडीच्या डाव्या दाराचा हँडल खोलला.

कप फुटला. बाबांचा डावा हात खाली लोंबत होता.

हँडल परत लावला. बोटं हलली.

मी पुन्हा काढला. पुन्हा लावला. खात्री करून घ्यायची होती. बाबा ओट्यावरून माझ्याकडे नुसते पाहत होते.

दुसऱ्या दिवशी एसटीने अमरावती गाठली. किशोरचं गॅरेज बडनेरा रोडला. शटर अर्धं उघडं होतं.

"ये ना व, बाहेर काहून उभी?" आतून आवाज आला.

माझ्या तोंडून "बाबा" निघून गेलं.

किशोर बाहेर आला. भरदार, थोडा घोगरा, बाबांचाच आवाज. त्याच्यामागे त्याची लाल गाडी चमकत होती.

"तो हॉर्न द्या," मी म्हटलं. "माझे बाबा मुके झालेत."

"मले मालूम हाय," तो म्हणाला. "पहिल्या लॉटच्या गाड्यांचं असंच होते. काहून होते ते मले नाही मालूम."

"माहीत असून नेला?"

"काकांनी खुशीनं देल्ला ताई. माह्या बारक्या आवाजाले लोक हसत होते. आता क्लबात मी बोललो का सारे चूप बसतात." बाबांच्या आवाजात तो हसला. मी त्याच्या पाया पडले. खरंच पडले. तो मागे सरकला, आत गेला आणि कागदात गुंडाळलेला दुसरा हॉर्न घेऊन आला. "हा न्या. माह्या गाडीतला जुना. हाबी जपानचाच. तुमची गाडी बाटनार नाही."

"कुठला आहे?"

"अंजनगाव सुर्जीच्या एका गाडीतला."

मी जास्त विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं.

घरी आल्या आल्या बोल्ट कसला, दोन वायरी जोडल्या, हॉर्न दाबला.

"रश्मी," ओट्यावरून हाक आली.

सात-आठ वर्षांच्या पोरीचा आवाज होता. तरीही मी आनंदाने रडले.

बाबांनी गळ्याला हात लावला. "हे काढ व," त्या बारीक आवाजात म्हणाले. "कोनाच्या तरी लेकराचं हाय हे."

"असू दे."

"रश्मी, पाप हाय."

"असू दे म्हटलं ना! मला तुम्ही बोलायला पाहिजे."

ते रुसले. पण बोलत राहिले, आणि मला तेवढं पुरे होतं.

मग दुपारी खुर्चीत डुलकी लागून त्यांची मान कलली की तोंड आपोआप बोलायला लागायचं. "आई, मी इकडं हाय. आई व." शाळेत पाठ करून घेतात तसा एक फोन नंबर, पुन्हा पुन्हा.

मी तो लॅबमधून लावला.

एका बाईने उचलला. "कोन?" मागे कुणीतरी ताटावर चमचा बडवत होतं, जोरजोरात. "आली व माय, आली. तुले बोलता येत नाही म्हनून ताट फोडतं का?" बाई तिकडे ओरडली. मग मला म्हणाली, "बोला ना, कोन बोलून राहिलं?"

मी फोन ठेवला.

त्या दुपारी बाबांची मान कलली.

"ताई, माह्या आईले फोन लावला का?"

"लावला," मी म्हटलं. "आई म्हणाली, तिथंच राहा."

नंबर त्या पोरीने पुन्हा कधी सांगितला नाही. आता ती मला आई म्हणते.