गाडी वळली की वळवली?

सकाळी साडेअकराला पोलीस ठाण्यातून फोन आला, तेव्हा कोर्टातल्या दुभाषी बाई जुन्या खटल्याचे कागद लावत बसल्या होत्या. इन्स्पेक्टर घाईत होते. एका पानाचा इंग्रजी जबाब आहे, आरोपीला तीन वाजता कोर्टात उभं करायचंय, त्याआधी भाषांतर हवं. बाई पाऊण तासात ठाण्यात पोचल्या.

जबाब एका कारखान्याच्या ड्रायव्हरचा होता. तीन दिवसांपूर्वी सकाळी नऊला तो कारखान्याची सुरक्षा तपासायला मुख्य कचेरीतून आलेल्या अधिकाऱ्याला स्टेशनवर सोडायला निघाला होता. दगडखाणीजवळ गाडी रस्ता सोडून थेट खाणीत गेली. अधिकारी जागीच गेले. ड्रायव्हर वाचला, डोक्याला नऊ टाके पडले आणि उजवा हात मोडला.

आदल्या दिवशी त्या दोघांची फाटकावर बाचाबाची झाली होती. उशीर केला म्हणून अधिकाऱ्याने ड्रायव्हरला चारचौघांत झापलं होतं. त्यात हा जबाब. "मी गाडी डावीकडे वळवली," असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं, आणि त्या जागी डावीकडे रस्ताच नव्हता. पोलिसांनी खुनाचं कलम लावलं.

"जबाब इंग्रजीत का?" बाईंनी विचारलं.

कंपनी परदेशी होती. मुख्य कचेरीला सगळे कागद इंग्रजीत लागत. ड्रायव्हर दुपारी दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर कारखान्याच्या मॅनेजरने त्याला विचारून हा कागद लिहिला आणि डाव्या हाताचा अंगठा घेतला.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. जबाब ड्रायव्हरचा होता, पण भाषा त्याची नव्हती. मूळ शब्द कोणता होता, हे ऐकल्याशिवाय त्यांना पुढे जाता येईना.

कोठडी मागच्या बाजूला होती. भिंतीत वर एक झरोका, तोही जाळीने बुजलेला. ड्रायव्हर भिंतीला पाठ टेकून बसला होता. बाईंना पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "बसा भाऊ. गाडीचं काय झालं, तुमच्या शब्दांत सांगा."

"ताई, किती जणांना सांगू? तुम्ही लिहून घेता आणि कागदावर दुसरंच निघतं."

"मला सांगा."

तो सांगू लागला. खाणीच्या अलीकडे रस्ता उजवीकडे वळतो. त्याने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, ते नेहमीपेक्षा हलकं लागलं. गाडीने ऐकलंच नाही. ती आपली डावीकडे सरकत राहिली, हळूहळू, कुणी ओढत नेल्यासारखी. त्याने ब्रेक दाबला, तोवर मातीची कड संपली होती.

"मॅनेजरसाहेबांना काय सांगितलंत?"

"हेच. गाडी वळली म्हटलं. आपोआप वळली."

"गाडी आदल्या दिवशी ठीक होती?"

"लोण्यासारखी चालत होती. चावी रोज फाटकावर टांगलेली असते. अपघाताच्या सकाळी मात्र मॅनेजरसाहेबांकडून घ्यावी लागली. आदल्या संध्याकाळी गाडी जरा बाहेर नेली होती म्हणाले." मग तो थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "दरवाजा बंद झाला की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं हो. पण त्याहून वाईट तो कागद आहे. मी ओरडून काहीही सांगितलं तरी लोक मलाच माझा अंगठा दाखवतात."

बाई बाहेर आल्या आणि त्यांनी पूर्ण फाईल मागितली. त्यात ड्रायव्हरच्या नोकरीचे जुने कागदही होते, सगळे मॅनेजरने लिहिलेले. दोन वर्षांपूर्वी एक सायकलवाला आडवा आला होता, तिथे मॅनेजरने 'स्वर्व्ह' लिहिलं होतं. पुलाच्या दुरुस्तीमुळे ट्रक दुसऱ्या रस्त्याने गेले, तिथे 'डायव्हर्ट'. ड्रायव्हर चुकून दुसऱ्याच फाटकात शिरला, तिथे 'टर्न'. एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता.

शेवटी अपघाताच्या दिवशी मॅनेजरने मुख्य कचेरीला पाठवलेली ई-मेल होती. चारच ओळी. बाईंनी ती दोनदा वाचली, मग वरची वेळ पाहिली, मग दवाखान्याचा कागद उघडून तिथली वेळ पाहिली.

"अपघात होताना कुणी पाहिला?"

"कुणीच नाही," इन्स्पेक्टर म्हणाले. "खाणीतल्या लोकांनी आवाज ऐकला, तेव्हा गाडी खाली पडलेली होती. त्यांनीच कारखान्यात फोन केला."

"आणि गाडी आता कुठे आहे?"

ती कारखान्याच्या आवारात होती. कंपनीने आज दुपारी ती भंगारात तोडायची परवानगी मागितली होती. इन्स्पेक्टरांनी ती दिलीही होती. बाईंनी ई-मेलमधला एक शब्द त्यांना दाखवला आणि हात जोडून विनंती केली, की आधी पोलिसांचा मिस्त्री पाठवा, त्याला पुढच्या चाकांचे स्टिअरिंगचे सांधे बघू द्या. आणि मॅनेजरना इथे बोलवा, भाषांतरात मदत हवी आहे म्हणा.

"बाई, एका शब्दावर माणूस आत टाकता येत नाही."

"एका शब्दावर टाकलेला एक माणूस आत बसलाय, साहेब."

इन्स्पेक्टरांनी फोन उचलला.

मॅनेजर दोन वाजता आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. बाईंनी त्याच्या इंग्रजीचं कौतुक केलं, ते मनापासूनच होतं. तो खुलला.

"इंग्रजीत दिशा बदलण्याला इतके शब्द आहेत, की माझा गोंधळ होतो," त्या म्हणाल्या. "फरक कसा करता?"

"लोक करत नाहीत, मी करतो. टर्न म्हणजे साधं वळणं. माणसाने गाडी टर्न केली म्हटलं, की त्याने ती स्वतः, ठरवून वळवली. स्वर्व्ह म्हणजे काही आडवं आलं म्हणून झटक्यात बाजूला घेणं. डायव्हर्ट म्हणजे दुसऱ्या कुणीतरी वाट बदलायला लावणं."

"आणि व्हिअर?"

"ते वेगळं. आपण सरळ जायला बघतोय, पण गाडी आपली एका बाजूला सरकत जाते. त्यात हाताचा हेतू नसतो."

"अपघाताच्या जागी तुम्ही कधी गेलात?"

"गेलोच नाही. फोन आल्यावर ऑफिसातून ई-मेल केली आणि थेट दवाखान्यात गेलो."

इन्स्पेक्टरांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले, एवढंच म्हणाले, "पंचनामा करा." मग त्यांनी उठून खोलीचं दार लावलं आणि दाराशीच खुर्ची ओढून बसले. मॅनेजरने त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. खिडकीला गज होते.

बाईंनी ई-मेल त्याच्यासमोर ठेवली.

"ही दहा वाजून दहा मिनिटांची. यात तुम्ही लिहिलंय, की गाडी व्हिअर झाली. तेव्हा अधिकारी गेलेले होते, ड्रायव्हर बेशुद्ध होता, पाहणारं कुणी नव्हतं आणि तुम्ही जागेवर गेला नव्हतात. गाडी सरकत सरकत गेली, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

तो म्हणाला, "सहज लिहिलं असेल."

"असं धरून चालू. दुपारी ड्रायव्हर शुद्धीवर आला आणि त्याने तुम्हाला तेच सांगितलं. तुमचा सकाळचा शब्द तंतोतंत बरोबर निघाला. तो परत लिहायचा, एवढंच काम होतं. तुम्ही तो सोडून टर्न लिहिलंत, तेही त्याने स्वतः केलं असं. कळायच्या आधी खरं लिहिलंत आणि कळल्यावर खोटं. असं उलटं फक्त एकाच माणसाकडून होतं. गाडी कशी जाणार हे ज्याला आदल्या दिवशीपासून माहीत होतं, त्याच्याकडून."

इन्स्पेक्टरांनी मिस्त्रीने कळवलेलं सांगितलं. डाव्या चाकाच्या स्टिअरिंगचा सांधा सुटलेला होता. त्याच्या नटाची पिन गायब होती. ती तुटली नव्हती, पकडीने ओढून काढल्याच्या खुणा ताज्या होत्या. पिन गेल्यावर नट धक्क्यांनी हळूहळू सैल होत गेला. फाटकावरच्या वहीत आदल्या संध्याकाळी सहा ते आठ गाडी मॅनेजरच्या नावावर होती. आणि मॅनेजर होण्याआधी त्याने अकरा वर्षं वर्कशॉपमध्ये काढली होती.

मॅनेजर टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिला.

"त्या अधिकाऱ्याने अहवाल लिहिला होता," शेवटी तो म्हणाला. "त्याच्या बॅगेत होता. मी दवाखान्यातून घेतला."

"कसला अहवाल?"

"मागच्या शेडचं आगीच्या वेळचं दार. बायका कामाची पाळी संपायच्या आधी तिथून निघून जायच्या, म्हणून मी ते वेल्डिंग करून बंद केलं. पुढच्या दाराला कुलूप लावतो. गेल्या महिन्यात आत धूर झाला, दोघी गुदमरून बेशुद्ध पडल्या. त्यांना मी आजारपणाची रजा दाखवली. अहवाल पोचला असता तर मी आत गेलो असतो."

बाईंनी घड्याळ पाहिलं. "आत्ता पाळी चालू आहे?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

ड्रायव्हरला सोडायचे कागद इन्स्पेक्टरांनी हवालदाराकडे दिले आणि स्वतः जीप काढली. बाईही गेल्या. पुढच्या दाराचं कुलूप तोडायला वेळ लागला नाही. मागच्या दाराला कटर लावावा लागला. ठिणग्या उडाल्या, पत्रा कण्हला आणि दार बाहेरच्या बाजूला पडलं.

आत शिवणयंत्रांपाशी साठ-सत्तर बायका उभ्या होत्या. एकदम आलेल्या उजेडाने त्यांनी डोळे मिटले. पण जागची कुणी हलेना. एकीने विचारलं, "साहेबांना विचारलंय का?"

"विचारायची गरज नाही आता," बाई म्हणाल्या.

तरी ती उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. तिने आधी एक पाय बाहेर ठेवला, कुणी ओरडतंय का ते ऐकलं, आणि मग दुसरा.