ज्याचा बिल्ला त्यानेच उलटायचा

शनिवारी सकाळी उन्मेष वुडलँड्सच्या खाडीपाशी बसमधून उतरला तेव्हा त्याला फक्त झोप हवी होती. आठवडाभर शहरातल्या आंग मो किओ भागातल्या लॅबमध्ये रात्री दहा-दहापर्यंत राबायचं आणि सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या होडीतलं पाणी उपसायचं, असलं भाग्य पोस्टडॉकलाच लाभतं. पण सविताकाकूंना नाही म्हणणं त्याला जमत नव्हतं. दहा वाजता त्या गिऱ्हाइकाला घेऊन येणार होत्या, श्रीनिवासकाकांची होडी दाखवायला. काकांना जाऊन दहा महिने झाले होते.

खाडीवरचा तो धक्का तसा गरीबच. दहा-बारा जुन्या होड्या, एक पत्र्याची शेड आणि शेडमध्ये एक फळा. फळ्यावरच्या खिळ्यांना प्रत्येकाच्या नावाचा लाकडी बिल्ला टांगलेला, एक बाजू पांढरी, दुसरी लाल. पाण्यावर जाताना बिल्ला लाल करायचा, परत आलं की पांढरा. एकही बिल्ला लाल असेल तोवर कुणी घरी जायचं नाही, शोधायला निघायचं. आणि ज्याचा बिल्ला त्यानेच उलटायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही.

गेल्या वर्षी अशाच एका सकाळी सुमात्राकडून वादळ आलं आणि कुणाची तरी होडी सुटली. सुटलेली होडी दिसली की ती कुणाची हे न विचारता धरून आणायची, ही तिथली रीत. काका आणि उन्मेष गेले, होडी ओढून आणली. काका म्हणाले, "तू हो पुढे, दोर मी बांधतो." उन्मेषने शेडमध्ये येऊन आपला बिल्ला उलटला, आणि काका मागून येतच आहेत म्हणून त्यांचाही उलटून टाकला. मग बाकावर बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. दमला होता बिचारा, दुसरं काही नाही. फळा सगळा पांढरा, म्हणून बाकीचे निवांत कॉफी पीत राहिले. पाऊण तासाने काका धक्क्याखाली सापडले.

सगळ्यांना वाटलं, काका परत आले, बिल्ला उलटला, काहीतरी राहिलं म्हणून पुन्हा गेले आणि पाय घसरला. उन्मेषने कुणाचीच समजूत दुरुस्त केली नाही. काकूंनी तो पांढरा बिल्ला काढू दिला नव्हता.

आज शेडमध्ये फक्त अंकल लिम होते. सत्तरी उलटलेले, अर्धं आयुष्य याच खाडीवर काढलेले. उन्मेषने पिशवी ठेवली तोच आभाळ काळंठिक्कर पडलं. सकाळचे साडेनऊ, पण लिमनी दिवा लावला. वारा सुटला, चिखलाचा आणि डिझेलचा वास आत शिरला, आणि पावसाच्या पडद्याआड एक होडी हळूहळू धक्क्यापासून दूर जाताना दिसली. काकांची.

लिमनी सुस्कारा सोडला आणि आपला बिल्ला लाल केला. उन्मेषनेही केला. दोघे लिमच्या छोट्या इंजिनाच्या होडक्यातून निघाले. पाऊस एवढा, की हातभर पुढचं दिसेना. उन्मेष पुढे वाकून चाचपत होता, इतक्यात समोरच्या अंधारातून दोर आला आणि नेमका त्याच्या हातात पडला. त्याला आधी हायसंच वाटलं.

"हू थ्रो द रोप?" मागून लिमनी हळूच विचारलं.

उन्मेषने वर पाहिलं. होडीवर कुणी नव्हतं. केबिनला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्या खिशात.

होडी ओढत दोघे परत आले. लिम शेडकडे गेले. उन्मेष दोर बांधायला वाकला, तेव्हा अगदी कानाशी कुणीतरी बोललं. थकलेला, ओळखीचा आवाज.

"तू हो पुढे... दोर मी बांधतो..."

तो दोर टाकून पळाला. मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही. शेडमध्ये लिमच्या समोर त्याने आपला बिल्ला पांढरा केला, आणि मग त्याला शेजारचा दिसला. काकांचा बिल्ला लाल होता.

लिमनी त्याला हात लावला नाही. ते बाकावर बसले. "सम्बडी स्टिल आउटसाइड," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात छत्री मिटत सविताकाकू आल्या. गिऱ्हाईक पावसामुळे मागे राहिलं होतं. त्यांची नजर सरळ फळ्यावर गेली.

"उन्मेष... हा लाल कसा?"

"वाऱ्याने उलटला असेल, काकू."

काकू फळ्याजवळ गेल्या. "त्या दिवशी भांडून निघाले होते रे घरातून. पण परत आल्याची खूण ठेवून गेले, एवढ्यावर मी दिवस काढतेय." त्या उन्मेषकडे वळल्या. "यांनी स्वतः उलटला होता ना? तू बघितलंस ना?"

खरं सांगायची वेळ हीच होती, हे उन्मेषला कळत होतं. पण खरं सांगायचं म्हणजे पुढे रडणं, प्रश्न, पुन्हा पहिल्यापासून सगळं. त्याच्या अंगात तेवढं त्राण उरलं नव्हतं.

"हो काकू. माझ्यासमोर उलटला."

फळ्यावर लाकडाचा टक् असा आवाज झाला. मग आणखी एक. वारा केव्हाच पडला होता.

"बघ..." काकू कुजबुजल्या. काकांचा बिल्ला पांढरा झाला होता. त्यांनी डोळे पुसले.

लिम मात्र काकांच्या बिल्ल्याशेजारच्या खिळ्याकडे बघत होते. तिथे उन्मेषचा बिल्ला होता, त्याने स्वतःच्या हाताने पांढरा केलेला. तो आता लाल होता, आणि त्यातून खाडीचं गढूळ पाणी जमिनीवर ठिबकत होतं.

"शुअर यू केम बॅक, आह?" लिमनी विचारलं.

उन्मेषने बिल्ला उलटायला हात लावला. तो जागचा हलेना. बाहेर पाऊस थांबला होता, आणि धक्क्याच्या टोकाशी कुणीतरी सावकाश, बेताने दोर सोडत असल्याचा आवाज येत होता.